दिवाणखान्यातला समुद्र

‘आई, आपल्याकडे निमो आणू या ना!’

हा हट्ट तुमच्याकडेही कधी ना कधी झालाच असेल. निमोचा तो चित्रपट २००३ साली आला. तेव्हा हट्ट करणारी मुलं आता नोकरीला लागली, पण हट्ट काही संपत नाही. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो मासा दर पिढीला नव्याने सापडतो. आमच्या धाकटीला तो चौथीत असताना सापडला. आणि खरं सांगायचं तर मैत्रिणींनो, मलाही तो मनातून हवाच होता. लहानपणी वडिलांचं बोट धरून मी मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय पुढे बंद झालं, पण अंधाऱ्या दालनातल्या त्या उजळलेल्या काचा आणि त्यामागून संथपणे जाणारे रंगीत मासे मी विसरले नव्हते. आपल्या नेरुळच्या फ्लॅटमध्ये तशी एक काच असावी, या विचाराने मीच आधी पाघळले.

गोड्या पाण्यातले मासे पाळणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. दोन गोल्डफिश, प्लॅस्टिकची हिरवी वेल आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, एवढं कुणाच्याही घरी दिसतं. खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय मात्र वेगळं प्रकरण आहे. ते अवघड नाही, पण त्याला घाई चालत नाही. मी घाई केली, म्हणून आधी माझी फजिती सांगून टाकते.

एका रविवारी आम्ही सगळा बाजार एकदमच केला. काचेची पेटी, वाळू, दगड, मिठाची पिशवी, पंप, दिवा. दुकानदार म्हणाला, ‘आज पाणी भरा, उद्या मासे सोडा, काही होत नाही.’ सोमवारी संध्याकाळी सहा मासे सोडले. दोन निमो, तीन निळेशार डॅमसेल आणि एक पिवळाधमक टँग. त्या टँगची किंमत मी ह्यांना निम्मीच सांगितली! मंगळवारी शेजारपाजारच्या बायका बघायला येऊन गेल्या. बुधवारी मासे पाण्याच्या वरच्या अंगाला येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. मला वाटलं, भूक लागली असेल. मी आणखी खाणं टाकलं. शनिवारी पिवळा मासा आडवा झाला आणि रविवारी सकाळी पेटीत एकही जिवंत मासा नव्हता. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ!

धाकटीने ते सहाही मासे बाल्कनीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरले. ‘आई, त्यांना काय झालं?’ असं तिने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला पुढे चार महिने गेले. वाचलं, जाणत्यांना विचारलं, पुन्हा वाचलं. जे कळलं ते असं.

विरजण लागलं नव्हतं!

मासा श्वास घेतो, खातो, घाण करतो. त्यातून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. समुद्र अफाट, तिथे तो कुठल्या कुठे विरून जातो. आपल्या पेटीत तो साठत राहतो, माशाचे कल्ले जाळतो, आणि डोळ्यांना दिसतही नाही. म्हणूनच माझं पाणी स्वच्छ होतं तरी विषारी होतं.

आता निसर्गाने याची तोड करून ठेवली आहे. एका जातीचे जिवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही माशांना वाईटच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते बऱ्याच अंशी सौम्य असतं. थोडं थोडं पाणी बदललं की तेही निघून जातं. हे जिवाणू दगडांवर, वाळूत, गाळणीच्या स्पंजात घर करतात. पण नव्या पेटीत ते नसतात. त्यांची पुरेशी वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी थोडे जास्तच.

हे सगळं मी सासूबाईंना मोठ्या हुशारीने समजावून सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘अगं, म्हणजे विरजणच लागलं नव्हतं म्हण की!’

अगदी हेच. आणि दह्याला एक रात्र पुरते, इथे सहा आठवडे लागतात, एवढाच फरक. तेवढे दिवस पेटी सुरू ठेवायची. पंप चालू, पाणी खारं, दगड जागच्या जागी, आणि मासा एकही नाही. पण जिवाणूंनाही काही खायला हवं ना? मासळीबाजारातून एक कच्ची कोळंबी आणा, सोला आणि पातळ मलमलच्या तुकड्यात बांधून पाण्यात सोडा. मीठ, हळद काही लावायचं नाही, बरं का! ती कुजते, अमोनिया वाढतो आणि जिवाणूंची पंगत सुरू होते. थोडा वास येईल. खिडकी उघडी ठेवा आणि पाहुण्यांना त्या आठवड्यात बोलावू नका.

अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजायच्या छोट्या बाटल्यांचा संच मिळतो. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. दर तीन-चार दिवसांनी मी हे आकडे कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवत असे. आधी अमोनिया चढला, मग उतरला. तो उतरता उतरता नायट्राइट चढलं. ते उतरायला फार वेळ लागला आणि घरातल्या सगळ्यांचा धीर सुटत चालला. ह्यांनी तर पेटीला ‘आपलं पाण्याचं कपाट’ असं नावच ठेवलं होतं. शेवटी ३९व्या दिवशी दोन्ही आकडे शून्यावर आले. बाजारात बाटलीबंद जिवाणूही मिळतात, त्यांनी काही वेळा काम लवकर होतं. पण बाटलीवर काय लिहिलंय यावर जाऊ नका, नळीतल्या रंगावर जा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तेव्हाच पहिला मासा.

मधल्या काळात काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर धरतो. तो पाहून मी घाबरून सगळं घासून काढायला निघाले होते. नवीन पेटीत तो येतोच आणि पुष्कळदा आपोआप कमीही होतो. काच तेवढी पुसून घ्या, दगडांना हात लावू नका. त्यांच्यावरच तर आपलं विरजण आहे.

जागा आणि वजन

पहिली पेटी फार लहान घेऊ नका, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पण पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर बिघडतं. छोट्या पातेल्यातलं दूध चटकन उतू जातं, तसंच. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी पेटी सुरुवातीला चांगली. तिच्यात वाळू-दगड घालून सुमारे १५० ते १६० लिटर पाणी बसतं. मग काच, वाळू, दगड असं सगळं धरून वजन अडीचशे किलोच्या घरात जातं. म्हणजे चार धडधाकट माणसं एकाच जागी, दिवसरात्र, वर्षानुवर्षं उभी! तेव्हा पेटी खोलीच्या मधोमध किंवा गॅलरीत नको. भिंतीलगत, शक्यतो खाली तुळई असेल अशा बाजूला, मजबूत स्टँडवर ठेवा. इमारत जुनी असेल, किंवा छत गळतंय, सळया दिसतायत असं असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हा खेळ मांडूच नका. स्टँड पाणसळीत आहे का ते पाहा आणि पेटीखाली थर्माकोलचा पातळ ताव घाला, म्हणजे काचेवर एकाच जागी ताण येत नाही.

खिडकीचं ऊन पेटीवर येता कामा नये. उन्हाने शेवाळ माजतं आणि पाणी तापतं. आपल्या हवेत उष्णता हा खरा वैरी आहे. या माशांना २५ ते २७ अंश मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात खोलीच तिशीच्या पुढे असते. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा लहान पंखा बसवला तर दोन-तीन अंशांनी उतार पडतो, पण पावसाळी दमट हवेत त्याचाही जोर ओसरतो. पाणी थंड करण्याचं यंत्र मिळतं, त्याला चिलर म्हणतात, आणि ते महाग असतं. माझं मत विचाराल तर घरात एकही खोली थंड राहत नसेल आणि चिलर परवडत नसेल, तर गोड्या पाण्याचे मासेच पाळावेत. उकाड्यात माशांचे हाल करण्यात काय हौस?

विजेचीही काळजी घ्या. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळातून खाली पडेल, सॉकेटात शिरणार नाही. बोर्ड पेटीच्या खाली नको, बाजूला हवा. घरात झटका बसताच वीज तोडणारा स्विच नसेल तर आधी तो बसवून घ्या. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद!

खाडी जवळ, तरी पाणी घरचं

पहिला प्रश्न प्रत्येकीच्या मनात येतो, तो माझ्याही आला. आपण राहतो खाडीकाठी. पाम बीच रस्त्यावरून जाताना पाणी दिसतं, वाशीच्या पुलाखाली भरती-ओहोटी चालते. मग मीठ विकत कशाला घ्यायचं? दोन कॅन भरून आणले की झालं!

दिवाळ्याच्या कोळीवाड्यातल्या एका मासेवालीला मी हे विचारलं. ती मोठ्याने हसली. म्हणाली, ‘ताई, पावसात खाडीचं पाणी गोडं होतं. आणि बाकीच्या दिवसांत त्यात काय काय येतं ते आम्हाला विचारा!’ खरंच आहे. ठाणे खाडीचं पाणी गढूळ, त्यात शहरांचं सांडपाणी मिसळतं, कारखान्यांचंही मिसळत आलं, आणि खारटपणा ऋतूप्रमाणे खाली-वर होतो. तिथल्या चिखलात राहणाऱ्या निवट्यांना ते चालतं, रोहित पक्ष्यांनाही त्या चिखलातलं खाणं मानवतं. प्रवाळांच्या स्वच्छ पाण्यातून आलेल्या माशाला ते चालत नाही. किनाऱ्यावरची वाळूही आणू नका. तिच्यात काय मुरलंय ते दिसत नाही.

मग स्वयंपाकघरातलं मीठ? तेही नाही. साधं मीठ, खडेमीठ, सैंधव, काहीच चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे किती तरी क्षार ठरलेल्या प्रमाणात असतात. मत्स्यालयासाठी तसं खास समुद्री मीठ तयार मिळतं, तेच घ्या. एका लिटरला सुमारे ३६ ग्रॅम, म्हणजे १५० लिटरला साडेपाच किलोच्या आसपास. पिशवीवरचं प्रमाण पाहून घाला आणि हायड्रोमीटरने मोजा. काटा १.०२५च्या जवळ हवा. आणि हो, पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाही तर गठ्ठे धरतात. मीठ घातलेलं पाणी पंपाने दिवसभर घुसळू द्या.

नळाचं पाणी आपल्याकडे चांगलं आहे. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, याचा आपल्याला केवढा अभिमान! पण त्यात क्लोरीन असतं, आणि ते मासे आणि जिवाणू दोघांनाही घातक. म्हणून आर.ओ.चं पाणी बरं. मात्र घरच्या पुष्कळ यंत्रांत चवीसाठी क्षार पुन्हा मिसळण्याची सोय असते. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला ती बंद करता येते का विचारा, किंवा पाण्यातले क्षार मोजायची पेन्सिलीएवढी मापणी मिळते ती घ्या. आकडा शून्याच्या जवळ हवा. एकदम दीडशे लिटर जमवायला आम्हाला आठवडा लागला. वाया जाणारं पाणी बादलीत धरून त्यावर लादी पुसली, तेवढीच मनाला बरी वाटणारी गोष्ट.

या कामाच्या बादल्या, मग, नळी सगळं वेगळं आणि नवं ठेवा. फिनेल किंवा साबणाची बादली धुऊनही वापरू नका. तांब्या-पितळेचं भांडं तर अजिबात नको, तांबं पाण्यात उतरतं. खोलीत डास मारण्याचा फवारा मारू नका. माणसाला सोसतो तो फवारा माशांना फार विषारी असतो. बाईने पोछा मारताना पेटीच्या काचेला ‘चकचकीत करायचं’ औषध लावलं नाही ना, तेही पाहा.

पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी गाळणी लागते, पाणी खेळतं ठेवणारा पंप लागतो, आणि एक स्किमर नावाचं साधन. साखरेच्या पाकात दूध घालून आपण मळी वर आणतो आणि काढून टाकतो, आठवतं? स्किमर तेच करतो, फक्त दुधाऐवजी हवेच्या बारीक बुडबुड्यांनी. पहिल्यांदा त्याचा पेला काळपट पाण्याने भरला, तेव्हा मला समजलं की स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात काय काय असतं.

काय आणायचं, काय नाही

विरजण लागलं. आता मासे. पण एकदम नाही! आधी एक, फार तर एक जोडी. मग दोन-तीन आठवडे थांबून, पाणी तपासून, पुढचा. मासे वाढले की घाण वाढते, आणि त्या प्रमाणात जिवाणू वाढायला वेळ द्यावा लागतो. तीन फुटी पेटीत चार-पाच लहान मासे पुरेत. गोड्या पाण्याचा हिशेब इथे लावू नका.

निमो, म्हणजे क्लाउनफिश, सुरुवातीला खरंच चांगला. तो काटक आहे, खायला नखरे करत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याची पैदास माणसाच्या देखरेखीखाली होते. समुद्रफुलाशिवायही तो मजेत राहतो, तेव्हा ते आणायच्या भानगडीत पडू नका. आणि त्याचं एक गुपित सांगू? हे मासे सगळे नर म्हणून जन्मतात. कळपातला सर्वांत मोठा मासा मादी होतो आणि राज्य तिचंच चालतं. अंडी राखायचं, त्यांना परांनी वारा घालायचं काम नराकडे. मादी गेली तर तिचा नवरा हळूहळू स्वतःच मादी होतो! म्हणजे चित्रपटातल्या निमोची आई गेल्यावर त्याचा बाबाच आई झाला असता. हे मी ह्यांना सांगितलं, तेव्हा ते पेपर पुढे धरून बसले.

काळे-पांढरे पट्टे असलेला बांगाई कार्डिनल हाही पैदास केलेला मिळाला तर उत्तम. त्यातला बाप अंडी तोंडात धरतो आणि तीनेक आठवडे उपाशी राहतो. डॅमसेल स्वस्त आणि चिवट, पण महाभांडखोर. एकदा त्याने कोपरा बळकावला की नव्या माशाचं जिणं मुश्कील करतो. आणायचाच तर सगळ्यात शेवटी.

डोरी, म्हणजे निळा टँग, आणू नका. तो फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला लांबलचक जागा लागते. माझा तो बिचारा पिवळा टँगही तीन फुटांत सुखी झाला नसताच. फुलपाखरी मासे दिसायला देखणे, पण त्यातल्या कित्येकांना प्रवाळच खायला लागतात. ते आपल्याकडे उपाशी मरतात. लायनफिशच्या काट्यांत विष असतं, लहान मुलांच्या घरी तो नकोच.

दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा. मासा पैदास केंद्रातला आहे की समुद्रातून धरलेला? फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात प्रवाळांमध्ये सायनाइड फवारून, गुंगी आलेले मासे धरण्याची वाईट चाल आहे. त्यात प्रवाळही मरतात आणि पुष्कळ मासे पुढे काही दिवसांत मरतात. रंग पाहून मोहात पडणारं आपलं मन त्या साखळीची शेवटची कडी असतं. हे कळल्यावर मला त्या कुंडीतल्या सहा माशांचं जास्तच वाईट वाटलं.

आपल्या देशात आता चांगले पर्याय आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केरळातल्या विळिंजमला आणि तमिळनाडूतल्या मंडपमला क्लाउनफिशची पैदास करून दाखवली. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर बायका शोभेची कोळंबी वाढवायला शिकल्या. आणि लांब कशाला, आपल्या ऐरोलीला ठाणे खाडीच्या काठी वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. रोहित पक्षी पाहायला तिथून बोटी सुटतात. शोभेच्या समुद्री माशांच्या पैदाशीचं काम तिथेही हाती घेतलं गेलं. मुलांना सुटीत एकदा घेऊन जा.

आता कायद्याचं. जिवंत प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी, कुणी कितीही स्वस्तात दिली, ‘ताई, सगळे नेतात’ म्हणाला, तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. २००१ साली प्रवाळ आणि समुद्रघोडे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगड हाही प्रवाळाचाच तुकडा असतो. मालवणला पाण्याखाली प्रवाळ पाहून आलेल्या मैत्रिणींना मी सांगायला नको की ते तिथेच शोभतात. आपल्या पेटीला माणसाने बनवलेले सच्छिद्र दगड पुरतात, जिवाणूंना त्यातल्या फटी आवडतात.

मासा घरी आणला की पिशवी वीस मिनिटं पेटीत तरंगू द्या, म्हणजे तापमान सारखं होतं. मग बारीक नळीने थेंब थेंब पेटीचं पाणी पिशवीत सोडत पाऊण तास घालवा. शेवटी मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी पेटीत ओतू नका. नव्या माशाला आधी तीन-चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवणं सर्वांत शहाणपणाचं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका माशाबरोबर आला की सगळ्यांना धरतो.

रोजचं आणि पंधरवड्याचं

माशांना मारणारी सर्वांत मोठी चूक आपल्याच हातून होते, कारण आपल्या हाताला ‘अजून एक घास’ म्हणायची सवय! माशांना आग्रह करायचा नाही. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. पोळी, पाव, शेव तर नाहीच. साधी कोळंबी बारीक चिरून, गोठवून ठेवली तर आवडीने खातात.

पाणी रोज आटतं. पण मीठ आटत नाही, हे लक्षात घ्या. आमटी आटली की खारट होते ना? म्हणून काचेवर पट्टी चिकटवून खूण करा आणि कमी झालं तेवढं रोज बिनमिठाचं आर.ओ.चं पाणी घाला. दर पंधरा दिवसांनी मात्र दहा-पंधरा टक्के पाणी काढून, आदल्या दिवशी मीठ मिसळून ठेवलेलं ताजं खारं पाणी घालायचं. काढलेलं पाणी झाडांना घालू नका. मी तुळशीला घातलं होतं!

लाइट गेली तर पंप थांबतो आणि पाण्यातला प्राणवायू झपाट्याने कमी होतो. सेलवर चालणारा हवेचा लहान पंप घरात असू द्या.

कधी कंटाळा आला, बदली झाली, तर मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्या. खाडीत सोडू नका. अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर लायनफिश मूळचा नव्हता. १९८०च्या दशकापासून तो तिथे दिसू लागला आणि पुढे अटलांटिकच्या कडेने असा पसरला की तिथले लहान मासे फस्त करतो आहे. पाळलेले मासे सोडून दिल्यानेच हे झालं असावं, असं तिथले जाणकार मानतात.

आणि एक गोष्ट पेटी आणण्याआधीच घरात स्पष्ट करून घ्या. हौस मुलांची असते, आणि पंधरा दिवसांनी बादल्या उचलतं कोण? निमो दहा-दहा वर्षं सहज जगतो. चौथीतल्या मुलीने आणलेला मासा ती कॉलेजात जाईपर्यंत घरात असणार. आमच्याकडे मी कालनिर्णयवरच वाटणी लिहिली. पाणी मोजायचं धाकटीने, मीठ मिसळायचं ह्यांनी, काच मी पुसायची. ह्यांचा रविवार दोनदा चुकला तेव्हा मी मुकाट्याने त्यांची बादली भरली नाही. आकडे वाढलेले धाकटीने त्यांना नेऊन दाखवले. तेव्हापासून चुकलेला नाही.

आता पेटीत दोन निमो आणि एक कार्डिनल आहे. एवढेच. मध्यंतरी निमोच्या जोडीने गाळणीच्या नळीलगत केशरी अंड्यांचा ठिपका घातला आणि नर आठवडाभर त्याच्यापासून हलला नाही. पिल्लं एका रात्री निघाली. सकाळी एकही दिसलं नाही. इतक्या बारीक जिवांना खाणं वेगळं लागतं, टाकीही वेगळी लागते. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

गणपतीत गावी जाताना काय करायचं, हे पुष्कळजणी विचारतात. चांगल्या स्थितीतले मोठे मासे तीन-चार दिवस उपाशी राहू शकतात, त्याची धास्ती नको. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजारी सांगा. पहिल्या वर्षी मी शेजारच्या वहिनींकडे खाण्याची बरणीच देऊन गेले. परत आल्यावर पाणी दुधाळ! ‘अहो, ते काचेशी येऊन इतके बघत होते, मला घास जाईना,’ असं त्या म्हणाल्या. आता औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी असते ना, तिच्यात एकेका दिवसाचं खाणं मोजून भरते आणि तेवढीच देते. बरणी मी गोदरेजच्या कपाटात कुलूप लावून ठेवते.